पाठ झालेला तक्ता

प्रिय बडबडे,

पन्नाशी उलटली तरी माझ्यासाठी तुझं नाव हेच. तुझ्या वहिनीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तू शाळेतून आठ दिवस रजा काढून तिच्या उशाशी बसलीस. तू आलीस की मी बाहेरच्या बाकावर जाऊन पेपर वाचायचो, तोही आदल्या दिवसाचा. तीन वर्षांत मी तुझ्याशी धड एक शब्द बोललो नव्हतो, तरी तू माझाही डबा आणायचीस आणि मी तो मुकाट्याने संपवायचो. वहिनी आता जिना चढते आणि वर पोचली की माझी धाप बघून हसते. त्याबद्दल आभार मानायचे राहिले होते. पण या पत्रात ते सगळ्यात लहान आभार आहेत.

आपलं काय बिनसलं ते तुला सांगायला नको, पण मला एकदा ओळीने लिहू दे. सहा वर्षांपूर्वी माझ्या दुकानासमोरच्या औषधवाल्यांना त्यांच्याच गल्ल्यापाशी कोणीतरी भोसकून मारलं. दिवेलागणीची वेळ होती. मी दारात उभा होतो आणि पळणारा माणूस मी पाहिला. पाट्या रंगवणारा पेंटर, असं मी सांगितलं. आदल्याच आठवड्यात त्या दोघांची बाचाबाची झाली होती. कोर्टात मला धंदा विचारला. चष्मे करतो म्हटल्यावर न्यायाधीशसुद्धा हसून म्हणाले, “म्हणजे नजरेचा प्रश्नच मिटला.” मला केवढा अभिमान वाटला होता! पेंटरला फाशीची शिक्षा झाली.

ती अमलात यायच्या आधीच फाशी रद्द करायचं विधेयक आलं आणि शाळेतलं शिकवणं सोडून आपल्या भागातून निवडून गेलेली तू त्यावर मत देणार होतीस. फाशी राहू द्या म्हणणारे सह्यांचे कागद माझ्याच काउंटरवर होते. लोक नवा चष्मा लावून आधी तेच वाचायचे आणि लगेच खाली सही करायचे. नऊ हजार सह्या झाल्या. त्यांना मी आजही वेडे म्हणणार नाही. त्यांचा भला माणूस गेला होता आणि ते माझ्या शब्दावर विसंबले होते. तो गठ्ठा घेऊन मी तुझ्या ऑफिसात आलो आणि सुनावलं, की आम्ही तुला पाठवलंय ते आमचं म्हणणं मांडायला, तुझं शहाणपण पाजळायला नाही. तू एकेक पान वाचलंस. औषधवाल्यांच्या बायकोच्या सहीपाशी तुझे डोळे भरून आले. मग म्हणालीस, “दादा, रस्ता, पाणी, शाळा, यात तुम्ही म्हणाल ते. पण माणूस मारायचा तर माझी स्वतःची खात्री हवी, आणि ती मला नाही. त्यासाठी मला पाडायचं तर पाडा.”

विधेयक तीन मतांनी पास झालं, पेंटरच्या फाशीची जन्मठेप झाली आणि पुढच्या निवडणुकीत आम्ही तुला खरंच पाडलं. आम्ही म्हणजे मीसुद्धा. मी तुला मत दिलं नाही, बडबडे. तुला ते कळलं असणारच, पण माझ्या तोंडून आज येतंय.

आता गेल्या महिन्याचं ऐक. दुकानातला डोळे तपासायचा तक्ता पार पिवळा पडला होता, म्हणून नवा मागवला. भिंतीवर लावला, खुर्चीत बसून सहज वाचायला गेलो, तर चौथ्या ओळीनंतर सगळं धूसर. मला वाटलं, छपाई खराब आहे. वहिनीला बसवलं, तर तिने शेवटपर्यंत घडाघडा वाचला. मग डोक्यात प्रकाश पडला. जुन्या तक्त्यासमोर मी तीस वर्षं दर वर्षी स्वतःचे डोळे तपासत आलो आणि दर वर्षी पास होत आलो, कारण तो तक्ता मला तोंडपाठ होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, हा नंबर आजकालचा नाही, तरुणपणापासूनचा असणार. नवा चष्मा घालून मी दुकानाच्या दारात उभा राहिलो, मग तो काढला. समोरच्या दुकानात औषधवाल्यांचा मुलगा उभा होता. त्याला चेहराच नव्हता, नुसता एक पांढुरका डाग. म्हणजे त्या संध्याकाळी मी फक्त कोणीतरी पळताना पाहिलं होतं. चेहरा मी आठवड्यापूर्वीच्या भांडणातून आणून तिथे बसवला.

वकिलाला गाठून मी कोर्टात लेखी जबाब दिला. आणि परवा तुरुंगात जाऊन पेंटरसमोर बसलो, हे सांगण्यासाठीच हे पत्र लिहितोय. त्याचे केस पांढरे झालेत. मी सगळं सांगितलं आणि हात जोडले. त्याने शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. तो एवढंच म्हणाला, “सहा वर्षं मी हेच ओरडत होतो.” खून त्याने केला की नाही, तो सुटेल की नाही, मला माहीत नाही, ते कोर्ट बघेल. मी त्याला पाहिलं नव्हतं, एवढंच मला सांगायचं होतं, आणि ते ऐकायला तो माणूस जिवंत होता. माझ्या हातून एक जीव जाणार होता, बडबडे. तुझं सगळं गेलं, पण तू तो जाऊ दिला नाहीस.

तुझ्यासमोर यायला अजून लाजणारा,
पण तुझाच,
दादा