गाडीखालचे दोन छेद

साकोली
दि. १२ ऑक्टोबर २०२५

ती. कुसुमताईस,
ज्योत्सनाचा नमस्कार.

इकडे सर्व ठीक. तिकडचं कळायला मार्ग नाही, कारण फोन तू उचलत नाहीस आणि मोबाइलवर पाठवलेलं उघडत नाहीस. म्हणून पोस्टात जाऊन पाकीट आणलं. खिडकीवरच्या बाईंनी दोनदा विचारलं, रजिस्टर का साधं. साधं म्हटलं. सही करून घ्यायची वेळ आली तर तू तेही परत पाठवशील.

बातमी अशी की मी गाडी घेतली. दुकानाची व्हॅन आहेच, ती साड्यांचे गठ्ठे वाहते. ही वेगळी. दोनच माणसांची, बुटकी, वजनाला हलकी, कापडी छताची. दोन खटके सोडले की छत मागे घडी होऊन बसतं आणि वर आभाळ. सिनेमात अशी गाडी हीरो चालवतो आणि हिरॉइनचा दुपट्टा उडतो. इथे त्रेपन्न वर्षांची चष्मेवाली बाई चालवते आणि उडालंच तर दुकानाचं पावतीपुस्तक उडतं. समोरच्या पुष्पाबाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "बाकीची गाडी कधी येऊन राहिली?"

घेतली भंडाऱ्याच्या भय्याजींकडून. त्यांची राइस मिल आहे. हौसेनं घेतली होती, मग पोट वाढलं आणि स्टिअरिंगखाली मावेना, तेव्हापासून सात वर्षं मिलच्या आवारात उभी. बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली.

अशी जुनी गाडी कशी तपासावी यावर मी महिनाभर व्हिडिओ पाहिले. सगळे एकच सांगतात: या जातीच्या हलक्या गाडीचं इंजिन सहसा दगा देत नाही, अंग सडतं. तेव्हा आधी खाली वाका. दाराखालची पट्टी ठोकून पाहा, सीटमागचा गालिचा उचलून ओल पाहा, स्टेपनीच्या खड्ड्यात हात घाला. मी सगळं वहीत लिहून नेलं. आणि तिथे जाऊन काय केलं? छताला हात लावला. कापड दिसलं की आपल्या कापडवाल्या बाबांच्या मुलीचं डोकं दुसरीकडे चालत नाही. दोन बोटांत चोळलं, उन्हाकडे धरून वीण पाहिली, शिवण ओढून पाहिली, उलटी बाजू पाहिली. अव्वल कापड. पाऊण तास छत पाहिलं आणि वही पर्समध्येच राहिली. भय्याजी म्हणाले, "बाई, गाडी घेऊन राहिल्या का लुगडं?" छत त्यांनी विकायच्या आधी नवं घातलं होतं, हे मला मागून कळलं.

बाकीच्या खोडी घरी आल्यावर दिसल्या. मागची प्लास्टिकची काच पिवळी पडली आहे, त्यामुळे मागचा प्रत्येक ट्रक कावीळ झाल्यासारखा दिसतो. पुढचे दिवे बटण दाबलं की पापणी उघडल्यासारखे वर येतात. म्हणजे डावा येतो. उजवा मिटलेलाच राहतो. दिवेलागणीला हायवेवर निघाले की मी समोरून येणाऱ्या सगळ्या ड्रायव्हरांना डोळा मारत जाते. गतिरोधकावर पोट घासतं, गाडीचं. क्लच इतका जड आहे की डाव्या पायाला आता वेगळी चप्पल घ्यावी लागेल.

मुरारी तुला आठवत असेल, तलावावरचा ढिवर, आईला मासोळ्या आणून द्यायचा. आईनंतरही तो येतो. मासोळ्या देतो आणि आता गाडी धुतो. त्याचा तिच्यावर फार जीव. वरून उघडी, बुटकी, दोघांपुरती, म्हणून तो तिला आपल्या नावेसारखं डोंगाच म्हणतो.

आता मुद्द्याचं. आईच्या तेरवीच्या पंगतीत मी जे बोलले त्यानंतर तू या घरात पाऊल ठेवलं नाहीस. येत्या फेब्रुवारीत चार वर्षं होतील. मला तू घरी यायला हवी आहेस. दिवाळी झाली की सानगडीला मंडईची जत्रा आहे. लहानपणी दंडारीचा खेळ बघायला जायचो तशा जाऊ. मी भंडाऱ्यापलीकडे तुझ्या शहापूरला येईन, तुला घेईन. बंद गाडीत तुला मळमळतं हे मी विसरलेले नाही. ही बंद नाही.

उत्तर दे. दोन ओळी चालतील.

तुझी,
ज्योत्सना


साकोली
दि. ४ डिसेंबर २०२५

ती. ताईस,
न. वि. वि.

दोन ओळी आल्या नाहीत. एकही आली नाही. मंडईला मी एकटी गेले, शेजारच्या सीटवर भज्यांचा पुडा ठेवला. दंडार बरी होती. बाईचं सोंग घेतलेल्या गड्याचं लुगडं आपल्याच दुकानातलं होतं आणि त्याने ते चुकीचं नेसलं होतं.

मग गाडी आजारी पडली. दिवाळीनंतर अवकाळी तीन दिवस लागला होता, तुमच्याकडेही बांधीतलं धान भिजलं असेल. गाडी अंगणात, छत लावलेलं. चौथ्या दिवशी दार उघडलं तर आत टाच बुडेल एवढं पाणी. छतातून थेंब गळलेला नाही. कापड अव्वल आहे, मी म्हटलंच होतं. मुरारीला म्हटलं, यात मासोळीचं बीज सोड, उन्हाळ्यात वाटून घेऊ. तो हसला नाही. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

भंडाऱ्याहून चंद्रकुमार मिस्त्री आले. जॅक लावून खाली शिरले. मग खालूनच विचारलं, "हे डांबर कोनं भरलं?"

झालं होतं असं. छतावरून ओघळणारं पाणी सीटमागच्या पन्हाळीत उतरतं. तिथून दोन नळ्या निघतात आणि मागच्या चाकांपुढे, गाडीच्या बुडाशी, दोन छेदांतून ते जमिनीवर पडतं. हे छेद कचऱ्याने तुंबणं हा या गाड्यांचा नेहमीचा रोग. माझ्या वहीत सातव्या नंबरवर लिहिलेला आहे. पण आपले तुंबले नव्हते. गाडी धुताना मुरारीला बुडातून पाणी गळताना दिसलं. ढिवराला बुडाशी छेद दिसला तर तो काय करणार? त्याने सुतळी ठासली आणि वर डांबर ओतलं. दोन्ही बाजूंनी, डोंग्याला करतात तसं, पक्कं.

मी बोलले. मी कशी बोलते ते तुला माहीत आहे. म्हटलं, मुरारी, ही गाडी तू तलावात ने, आणि तुझ्या डोंग्याला चाकं लावून मला आणून दे, दुकानाला कामी येईल. मिस्त्री हसले. मुरारी मान खाली घालून उभा होता. म्हणाला, "बाई, मी त चांगल्यासाठीच केलो. छेद दिसला त बुजवाच लागते. आत पानी आलं त मानूस बुडते."

आणि चंद्रकुमार खालून म्हणाले, "अरे बाबा, हे छेद पानी आत यायले नाहीत. बाहेर जायले आहेत."

मुरारी बादली तिथेच ठेवून निघून गेला. मिस्त्रींनी मग दाराखालची पट्टी ठोकून पाहिली आणि त्यांचं बोट आरपार गेलं. म्हणाले, हे एका पावसाचं काम नाही. भय्याजींच्या मिलमध्ये कोंड्याने छेद तुंबले असतील, सात वर्षं पाणी आत कोंडलं, विकताना कोणीतरी तार घालून साफ केलं. वरून रंग चकचकीत. आतलं लोखंड केव्हाच गेलेलं.

संध्याकाळी मी मुरारीच्या घरी गेले आणि त्याला म्हटलं, चुकलं माझं. त्याने चहा पाजला. या वाक्याला इतका कमी वेळ लागतो हे मला माहीत नव्हतं. घरी आले आणि चार दिवस हे पत्र लिहायचं टाळलं.

ताई, मीही चांगल्यासाठीच केलं होतं.

आईचं दुखणं निघालं तेव्हा तुझ्या रेणूच्या लग्नाला तीन आठवडे होते. तुझा फोन आला की मी सांगायची, आई झोपली, आई देवळात गेली. लग्नघरात रडारड कशाला. लग्नाला आई आली नाही तेव्हा गुडघे सांगितले. लग्नानंतर पाचव्या दिवशी ती गेली आणि तेव्हा तुला पहिला खरा फोन गेला. तेरवीच्या पंगतीत मामींनी सगळ्यांदेखत विचारलं, कुसुमला आधी का नाही बोलावलं. मी म्हटलं, "बोलावून काय फायदा? शहापूरपासून ओकत आली असती. आईचं करू का तिचं पुसत बसू?" लोक हसले. मला लोकांना हसवता येतं. तू ताटावरून उठलीस.

त्या बोलण्याचा तुला राग आला असं सगळे धरून चालतात. मीही तेच धरून चालले, सोपं होतं. पण जाताना तू दारात मला एकच गोष्ट विचारली होतीस: आईने माझं नाव काढलं का? आणि मी म्हटलं, शेवटचे आठ दिवस तिला शुद्धच नव्हती.

ते खोटं होतं. तिला शुद्ध होती, शेवटच्या दुपारपर्यंत. तुझं नाव ती रोज काढत होती.

लिहून झालं. यानंतर तू आलीच नाहीस तर मी पुन्हा कागद पाठवणार नाही. गाडीला नवी पट्टी जोडली. छेद मोकळे केले. सीटखालचा वास अजून गेलेला नाही.

'तुझी' लिहावं की नाही ते ठरत नाही, म्हणून नुसतीच,
ज्योत्सना


साकोली
दि. ११ जानेवारी २०२६

ती. ताईस,

कार्ड पोचलं. तुझं अक्षर चार वर्षांनी पाहिलं, अजून तसंच उजवीकडे कलतं. "आई काय म्हणत होती ते जसंच्या तसं लिही." वर नमस्कार नाही, खाली सही नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही एवढंच लिहिलं असतं, फक्त जरा लागेल असं.

जसंच्या तसं लिहिते.

रोज सकाळी विचारायची, कुसुमचा फोन आला का. मी म्हणायची, आला, लग्नाच्या गडबडीत आहे. त्यावर ती मान हलवायची. लग्न झाल्यावर विचारायला लागली, कुसुम कधी येते. मी म्हणायची, उद्या. रेणूची पाठवणी होऊन घर आवरू दे, मग फोन करू, असा माझा हिशेब होता. वेळ आहे असं वाटत होतं.

शेवटच्या दिवशी दुपारी मी तिला पेज भरवत होते. तिसरा चमचा तिने हाताने बाजूला केला आणि विचारलं, "कुसुम निंगाली का?" मी म्हटलं, निघाली. तुला मी फोनही केला नव्हता. ती डोळे मिटून पडली. मला वाटलं, झोप लागली. मी वाटी घेऊन उठले तेव्हा ती म्हणाली, "तिले सांगजो, खिडकीपाशी बसजो म्हना. निंबू संग ठेवजो."

यानंतर ती बोलली नाही. चार वाजता गेली.

तेरवीच्या दिवशी माझ्या तोंडात ओकण्याचीच गोष्ट का आली, ते आता तुला कळेल. तेरा दिवस दुसरं काही डोक्यात नव्हतं. निरोप तुला द्यायचा होता, आणि तो दिला तर तू निघालीच नव्हतीस, मी तुला कळवलंच नव्हतं, हेही सांगावं लागलं असतं. मग मी त्याचा विनोद केला.

माफ कर असं लिहिलं की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, म्हणून ते मी समोर म्हणेन. हो-नाही काही म्हणू नकोस.

रविवारी, १८ तारखेला, सकाळी सात वाजता तुझ्या दारात येते. तू नाही निघालीस तर पाच मिनिटं थांबून परत फिरेन, हॉर्न वाजवणार नाही. निघालीस तर कान बांधून घे, थंडी आहे आणि छत मी उघडंच ठेवणार. रस्ताभर बोलायची गरज नाही. लाखनीपर्यंत वाऱ्यात काही ऐकू येत नाही, आणि लाखनीनंतर घर जवळ येतं. तिथून परत ने म्हणालीस तर परत नेईन.

मुरारी रोज सकाळी दोन्ही छेदांत तार घालून पाहतो, मग मासोळ्या देतो. तू येणार असशील तर रविवारी मोठी आणतो म्हणाला. उजवा दिवा अजून उघडत नाही. चंद्रकुमार म्हणतात, मोटर गेली, तसली आता कुठे मिळत नाही.

या गाडीत दोनच सीट आहेत आणि दोन्ही खिडकीपाशी आहेत. निंबू मी घेऊन येते.

आईचा निरोप चार वर्षं उशिरा पोचवणारी,
तुझी
ज्योत्सना