अर्धं सूत धुकं

सिल्व्हर पार्क, मीरा रोड
१४ जानेवारी २०२५, संक्रांत

ती. अनसूयाताईस,
लवूचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

पाकिटात तीळगूळ घालायला सुगंधाने मनाई केली. पोस्टात मुंग्या लागतील म्हणाली. म्हणून गोड बोलणं तेवढं कागदावर पाठवतोय. सोबत तीन फोटो आहेत. मागे नेहमीसारखी पेन्सिलीने जागा आणि वेळ लिहिली आहे.

फोन केला असता, पण तुझं कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं. मग मी जेवलो हे मला तीनदा ओरडून सांगावं लागतं आणि शेजारच्या विंगेलाही कळतं की मी जेवलो. त्यापेक्षा पत्र बरं. शिवाय दोन वर्षांपूर्वी माझ्याच हट्टाने तू मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलंस, तेव्हा मी कबूल केलं होतं की नव्या डोळ्यांना बघायला दर महिन्याला काहीतरी पाठवीन. त्यातूनच तर हा नाद लागला.

हल्ली उजाडता उजाडता जेसल पार्कच्या खाडीवर जातो, नाहीतर रिक्षा करून मिठागरांच्या बांधावर. यंदा धुकं फार आहे गं. नऊ वाजले तरी हटत नाही. पाणी आणि आभाळ यांच्यामधली शिवण उसवल्यासारखी वाटते. मिठाचे ढीग जमिनीला टेकलेले नसतातच, तरंगत असतात. तिसरा फोटो बघ. डोक्यावर पाटी घेऊन बांधावरून येणारी ती बाई जवळच्या मोर्वा गावची, शेवंती नाव तिचं. मी कॅमेरा लावलेला बघून थांबली आणि विचारायला लागली की इथं काय हाय फोटू काढन्यासारखं, मीठच तर हाय. हसून पुढे गेली.

निकेत सारखा मागे लागलाय की बाबा, आपोआप फोकस करणारी लेन्स घ्या. मी म्हटलं, तुझ्या बापाने हाटकेशच्या कारखान्याच्या गाळ्यात पस्तीस वर्षं लेथ चालवला. इंचाचे सूत आठ, त्यातलं अर्धं सूत इकडेतिकडे झालं तर मी माप लावायच्या आधी नजरेने सांगायचो. फोटोवाल्या बबनने स्टुडिओ बंद करताना दिलेली जुनी लेन्स मला पुरे. तिची रिंग हाताने फिरवायची, हळूहळू, जशी गाठ सोडवावी तशी. फोटो छापणाऱ्या गुजराती भाऊने परवा विचारलं की अंकल, ऐसाच छापूं क्या. मी म्हटलं, अगदी ऐसाच.

तुझा लोभ मागावा लागत नाही. लहानपणी झोपेत अंगावर घोंगडी टाकायचीस तसा तो येऊन पडतोच. तसाच राहू दे.

तुझा
लवू

---

कोंडवाडी, संगमेश्वर
३ फेब्रुवारी २०२५

सौ. सुगंधास अनसूयेचे अ. उ. आ.

हे पाकीट मुद्दाम तुझ्या नावाने टाकलंय. लवूच्या हाती लागू देऊ नको. त्याला मी वेगळं कार्ड लिहिलंय की फोटो झकास आलेत.

खरी गोष्ट अशी की माझे डोळे पुन्हा चालले. लवूचे फोटो मला धुरकट दिसतात. तुझी पत्रं वाचते, तांदळातला खडा दिसतो, म्हणजे जवळचं शाबूत आहे. पण फोटोत असतं ते सगळं लांबचं, खाडी, पूल, मिठागर. माझं लांबचं गेलं. समोरचा डोंगर दिसतो, पण तो काय, डोळे मिटले तरी दिसतो, जन्माचा पाठ आहे.

लवूने रत्नागिरीत चार दिवस दवाखान्याच्या बाकावर बसून माझं ऑपरेशन करवलं. ते फुकट गेलं हे त्याला कोणत्या तोंडाने सांगू? शिवाय त्याला कळलं की मला दिसत नाही, तर तो कॅमेरा गुंडाळून कपाटात टाकील. म्हणेल, आता कोणासाठी काढू. तेवढं होता कामा नये. म्हातारपणी माणसाला सकाळी उठायला काहीतरी लागतं. माझ्या कोंबड्या, तसा त्याचा तो कॅमेरा.

तो पाटीवाल्या बाईचा फोटो मात्र चूल विझेपर्यंत हातात धरून बसले होते. का, ते पुढे कधीतरी. तुला तिथे ते फोटो नीट दिसतात ना, तेवढं कळव.

तुम्हां दोघांवर माया आहे, ती पत्रात मावत नाही म्हणून इथेच थांबते.

अनसूया

---

सिल्व्हर पार्क
१७ फेब्रुवारी २०२५

ती. वन्संना सुगंधाचा शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र पिठाच्या डब्यात लपवलंय, काळजी करू नका. ते डबा कधी उघडत नाहीत.

फोटोंचं विचारलंत. आता काय सांगू? मला वाटलं, हल्ली असेच काढतात. आमची सून निशिगंधा म्हणाली की आई, हे आर्ट आहे. मग मी कशाला बोलू? सोसायटीतले लोक वा वा करतात, मीही करते. त्या पाटीवाल्या बाईला नाक आहे की नाही हे मलाही कळलं नव्हतं.

तुम्ही आधी स्वप्नालीला घेऊन डॉक्टरकडे जा. सुनेला सांगायला कसली लाज. आणि आमच्या ह्यांच्याकडून तुम्हाला बोलणी बसतील ही भीती सोडा. तेच हल्ली धड नाहीत. पूर्वी माझ्या सुईत दोरा ओवून द्यायचे, आता म्हणतात, कंपनीवाले सुयांची भोकं लहान करायला लागलेत. परवा बशीत चहा ओतला तो टेबलावर. गेल्या रविवारी शेजारच्या बिल्डिंगच्या वॉचमनला माझा भाऊ समजून घरी जेवायला बोलावलं. तो बिचारा आलाही. वय झालं, विसरभोळे झालेत, दुसरं काय.

तुमची आठवण रोज चहाबरोबर निघते, ती निघत राहो.

सुगंधा

---

कोंडवाडी
२० मार्च २०२५

चि. लवूस अनसूयेचे अ. उ. आ.

हे पत्र बसून वाच. चष्मा लावून वाच. आणि तरी अक्षर पुसट दिसलं तर सुगंधाकडून वाचून घे.

मी परवा डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. स्वप्नाली बरोबर होती. तुझे फोटो धुरकट दिसतात म्हणून माझे डोळे गेले असं धरून बसले होते, दोन महिने तुला बोलले नाही. बाईंनी भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. मी शेवटच्या ओळीपर्यंत गेले. खाली छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं. त्या म्हणाल्या की आजी, तुमचे डोळे माझ्यापेक्षा बरे आहेत. मी पिशवीतून तुझा मिठागराचा फोटो काढून पुढे धरला. त्यांनी तो खिडकीपाशी नेला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं की हे काढणाऱ्याचं वय काय.

घरी आले आणि पडवीत चटई टाकून तुझे दोन वर्षांचे सगळे फोटो पसरले, कुळीथ निवडायला पसरतात तसे. मागच्या तारखा बघून ओळीने लावले. पहिल्या फोटोत पुलाखालच्या होडीचा दोर मोजता येतो. गेल्या गणपतीत दोर जातो. दिवाळीत होडीची कड जाते. संक्रांतीला होडी आहे की म्हैस, ते तुझ्या पेन्सिलीवरून कळतं. लवू, एवढं धुकं खाडीवर नसतं. ते तुझ्या डोळ्यात आहे.

सुगंधा मला सुईचं बोलली होती. तू भोकांना नावं ठेवतोस म्हणे. आणि त्या वॉचमनला जेवायला काय केलं होतं?

मला जशी धरून नेलीस तसा आता तू जा. पट्टी सुटली की कळव. तोवर तुझ्या माझ्या मायेत खंड नाही, पण फोटो घेणार नाही. पाकीट आलं तर न फोडता परत करीन.

तुझी
ताई

---

सिल्व्हर पार्क
४ एप्रिल २०२५

ती. ताईस लवूचा शि. सा. नमस्कार.

वॉचमनला कोलंबीचं कालवण होतं. तो पुन्हा कधी बोलावताय असं विचारत असतो.

तुझं पत्र पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मिळालं. पाडव्याला सोसायटीत चित्रं-फोटोंचं प्रदर्शन होतं. शेवंतीचा तो फोटो मोठा करून लावला आणि त्याला पहिलं बक्षीस मिळालं. बघायला आलेल्या एका मॅडमनी माईकवर सांगितलं की ह्या फोटोत स्वप्न आहे. लोक टाळ्या वाजवत होते आणि मी त्या फोटोकडे बघत होतो. मला त्यात काही वेगळं दिसेना. मला तर सगळंच तसं दिसतं.

खोटं कशाला बोलू, दिवाळीतच मला कळलं होतं. गॅलरीतला कंदील एक टांगला होता, मला तीन दिसत होते. पण नानाकाका आठवतात ना? शिबिरात डोळा दाखवायला गेले, पट्टी बांधून आले, आणि पट्टी सुटली तरी मरेपर्यंत भिंत धरून चालले. मीच त्यांना परसाकडे न्यायचो. तुझ्या वेळी रत्नागिरीला बाकावर बसून मी दुसरं काही आठवत नव्हतो. तू बाहेर आलीस तेव्हा हसलो खरा, पण बाकावरून भिंत धरूनच उठलो.

ही झाली जुनी भीती. दुसरी नवी आहे, ती सुगंधालाही सांगितलेली नाही. मी शाळेत सातवीपर्यंत. फोटोचं कोणी शिकवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा लोकांनी माझ्या कामाला स्वप्न म्हटलं. लेथवर काम चोख झालं तर कोणी टाळ्या वाजवत नाही, बोल्ट नटात बसतो, संपलं. आता डॉक्टरने डोळा धुऊन पुसून दिला आणि त्यातून मीठ म्हणजे मीठ आणि बाई म्हणजे बाई दिसायला लागली, तर? मग माझं असं त्यात काय होतं? सगळा मोतीबिंदूच होता का? हा विचार करत रोज खाडीवर जातो आणि कॅमेरा पिशवीतून न काढता परत येतो.

तू मोठी आहेस. रागाव, पण लिहीत राहा.

लवू

---

कोंडवाडी
१४ एप्रिल २०२५

चि. लवूस अ. उ. आ.

रागावले नाही. दोनदा वाचलं आणि कोंबड्यांना दाणे टाकायचे विसरले, इतकंच.

तो पाटीवाल्या बाईचा फोटो मी परत करणार नाही. खळ लावून देव्हाऱ्याशेजारी चिकटवलाय. आई गेली तेव्हा तू चार वर्षांचा, मी चौदाची. तिचा एक फोटो नाही, आपल्या घरात फोटो काढणार कोण होतं. शेताच्या बांधावरून पाटी घेऊन ती अशीच यायची, मान जराशी डावीकडे. तुझ्या फोटोतल्या बाईला चेहरा नाही, म्हणून मला तिथे आईचा ठेवता आला. बासष्ट वर्षांनी. मॅडम काय म्हणाल्या ते त्यांना ठाऊक. मी चूल विझेपर्यंत का बसले होते ते हे.

पण लवू, ते धुकं तू घातलं नव्हतंस, पडलं होतं. चुकून जास्त आमसूल पडून एखाद दिवशी सार फक्कड होतं. म्हणून कोणी डोळे मिटून डबा उपडा करत नाही. उद्या धुकं अजून वाढेल, मग बाईही जाईल, बांधही जाईल, नुसता पांढरा कागद पाठवशील. त्यात मी आईला कुठे शोधू? धुकं घालायचंच तर बघून घाल. बांधावर सकाळी उठून जायचं, त्या बाईसाठी थांबायचं, हे मोतीबिंदूने सांगितलं होतं का तुला?

भीतीचं म्हणशील तर ऑपरेशनच्या टेबलावर मीही देवाचं नाव घेतलं नव्हतं. लवू बाहेर बसलाय, लवू बाहेर बसलाय, एवढंच म्हणत होते. आता मी पडवीत बसलेय असं समज. उठणार नाही.

ताई

---

सिल्व्हर पार्क, मीरा रोड
२८ मे २०२५

ती. ताईस लवूचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

आता उठलीस तरी चालेल.

उजवा डोळा महिन्यापूर्वी झाला, डावा पुढे बघू म्हणतात. तू पडवीत बसलीयस हे मी खरंच धरून होतो. पट्टी सुटली तेव्हा पहिली दिसली ती सुगंधाची साडी. मी ती वर्षभर राखाडी समजत होतो. ती निळी आहे, ताई. इतकी निळी की मी विचारलं, नवी घेतलीस का. ती म्हणाली, तुम्हीच आणलीत चार दिवाळ्यांमागे.

मग माझे वर्षभराचे फोटो बघितले. आधी कानशिलं तापली, नंतर एकटाच हसत बसलो. होडी की म्हैस ते मलाही सांगता आलं नाही. छापणाऱ्या भाऊची माफी मागायला गेलो, तर तो म्हणाला की अंकल, मला वाटायचं तुम्ही फार वरच्या दर्जाचे आहात, आपल्याला काय कळणार.

गेल्या आठवड्यात बांधावर गेलो. मनात धाकधूक होती की आता तिथे नुसतं मीठ असेल. होतंच मीठ. पण प्रत्येक खड्याला कडा होत्या आणि प्रत्येक कडेवर एकेक ऊन बसलेलं होतं. मी बराच वेळ कॅमेरा न काढता उभा राहिलो, पण या वेळी कारण वेगळं होतं. शेवंती आली. तिचा फोटो काढला, रिंग बरोबर जागी थांबवून. गालावर तीळ आहे तिच्या, आणि समोरचा एक दात अर्धा. परवा दोन्ही फोटो छापून तिला दाखवायला नेले. नवा बघून तिने पदराने पुसला आणि म्हणाली की ही मी हाय. जुना हातात घेतला, उलटसुलट केला आणि म्हणाली, ही मी न्हाय, ही दुसरी कोन तरी हाय. आणि मला परत दिला.

नंतर एक करून बघितलं. ती पाटी घेऊन पुन्हा येताना रिंग मुद्दाम थोडी फिरवली. आता मला धुकं मोजता येतं, ताई. पाव सूत फिरवलं की तीळ जातो. अर्ध्याला दात आणि डोळे जातात. एक सूत झालं की नुसती चाल राहते आणि पाटी. सगळं हातात आहे, पण थांबायचं कुठे ते मला ठाऊक नाही. लेथवर काम करताना शेजारी नमुन्याचा तुकडा ठेवलेला असायचा, त्याबरहुकूम माप घ्यायचं. इथे तो तुकडा माझ्याकडे नाही. मी चार वर्षांचा होतो. मला आईची फक्त पाटी आठवते, तीसुद्धा खालून बघितलेली. चेहरा तुझ्याकडे आहे.

मिठागरं आता बंद होतील. कार्तिकात पुन्हा सुरू झाली की स्वप्नालीला घेऊन ये. शेवंतीला सांगून ठेवलंय, ती म्हणाली की म्हातारीला खुर्ची आना, बांधावर निसरडं हाय. कॅमेऱ्याच्या मागे छोटा पडदा आहे, त्यात तुला सगळं दिसेल. कानातलं यंत्र घरी ठेव, तिथे ऐकण्यासारखं काही नसतं. मी तुझ्या बाजूला उभा राहून रिंग फिरवीन, अगदी हळू, सुताच्या मापाने. तू पडद्याकडे बघत राहा, आणि आई आली की माझ्या हातावर हात ठेव.

मी थांबवीन.

तुझा
लवू