भीमाच्या डोळ्यांची नोंद

वैराग,
रविवार, ९ मार्च २०२५

ती. सोनाबाईवन्सं यांना गोदावरीचा नमस्कार.

तुम्ही आणि दाजी बरे असाल. दाजींच्या गुडघ्याचं अमृतकडून कळलं. इकडं ठीक आहे. ऊन आत्तापासूनच चावायला लागलंय. पायल सोलापुरात नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दुकान चालतंय.

सात वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. आईंच्या तेराव्याला तुम्ही उंबऱ्यात उभं राहून म्हणालात, "गोदा, माझा भाऊ तुझ्या हातून गेलाय. या घरचं पाणी आता मला नको." आणि चपला घालून निघालात. नंतर माझा फोन तुम्ही कधी घेतला नाही. म्हणून हे पत्र अमृतच्या हाती देतेय. तो उद्या भाजीची गाडी घेऊन करकंबला येणारच आहे.

वन्सं, आधी बसून घ्या. आपला भीमा सापडला. जिवंत आहे. परवा आम्ही त्याला घरी आणलं. हे लिहितेय तेव्हा तो ओट्यावर बसून लसूण सोलतोय. अठ्ठावीस वर्षांचा होता, आता सदतीसचा आहे. कानावरचे केस पिकलेत. अक्कल अजून सहा वर्षांच्या पोराचीच आहे. मात्र फेफरं दीड वर्षात एकदाही आलेलं नाही. तिथं रोज गोळ्या देत होते.

तो रायचूरला होता. गावाबाहेर निराधारांचा एक आश्रम आहे, तिथं. स्टेशनवर बेवारस दिसला म्हणून पोलिसांनी त्याला तिथं पोचवला होता. त्याला नाव सांगता येईना, गाव सांगता येईना. काही विचारलं की एकच शब्द म्हणायचा. सोमवारी आणला म्हणून त्यांनी त्याचं नाव शिवयोगी ठेवलं आणि नऊ वर्षं तो शिवयोगी म्हणूनच राहिला. भाजी चिरायला शिकला, कानडी शिकला.

त्या आश्रमात तिप्पण्णा म्हणून एक गृहस्थ आहेत. पन्नाशीचे, बारीक, शर्टाच्या खिशात कायम तीन पेनं. सरकारी दवाखान्याचं कार्ड काढायचं तर आधार लागतं, म्हणून ते आश्रमातल्या सगळ्यांना पाळीपाळीनं आधार केंद्रावर नेत. भीमाचा अर्ज दोनदा परत आला. हा माणूस आधीच नोंदलेला आहे, एवढंच उत्तर. दुसरा कुणी असता तर कागद बाजूला ठेवून मोकळा झाला असता. तिप्पण्णा मला म्हणाले, "बाई, अर्ज नाकारला म्हणून आमच्या ऑफिसात सगळे वैतागले होते. मला मात्र बरं वाटलं. नोंद आहे म्हणजे कुणीतरी याला कधीतरी हाताला धरून रांगेत उभं केलेलं असणार. म्हणजे याला घर आहे."

मग ते त्याला घेऊन मोठ्या केंद्रावर गेले. तिथं त्याची बोटं लागेनात. आपल्याकडं पोती वाहून वाहून त्याच्या बोटांच्या रेघा गेलेल्याच होत्या. तिथल्या मुलीनं पाच वेळा बोटं पुसून बघितली आणि मग डोळ्यांचं यंत्र लावलं. डोळे जुळले. पडद्यावर नाव आलं, वय आलं, मुक्काम पोस्ट वैराग, तालुका बार्शी, जिल्हा सोलापूर. तिप्पण्णांनी हळूच हाक मारली, "भीमराव?" तर हा म्हणे ओ देऊन उभा राहिला.

आधार निघालं तेव्हा आपण किती नावं ठेवली होती, आठवतंय का. शाळेत यंत्रं आली, दिवसभर रांग. हे म्हणाले होते, "सरकारला पैसा लई झालाय. येड्या भावाचे डोळे मोजून काय करनार हायत?" मीही हसले होते. पण आईंनी हट्ट धरला म्हणून मी त्याला घेऊन गेले. तो त्या यंत्रात बघेना. तोंड फिरवायचा, डोळे मिटायचा. मी त्याची हनुवटी धरून बसले आणि म्हटलं, "भीमा, आत बघ, तुझी आई दिसती." तेव्हा त्यानं डोळे टक्क उघडले. त्या एका क्षणाची नोंद सरकारनं बारा वर्षं सांभाळून ठेवली. कोट्यवधी लोकांच्या डोळ्यांत आपल्या भीमाचे दोन डोळे. दुसऱ्या राज्यातल्या एका मुलीनं यंत्र लावलं आणि ते तेवढ्यात शोधून दिले. आश्रमातल्या आणखी तिघांची घरं अशीच सापडलीत. त्यातली एक बाई अकरा वर्षांनी पोरांकडं गेली. तिप्पण्णांनी फोटो दाखवला. मी पैशाचं राजकारण जाणत नाही, पण पैसा असा खर्च होत असेल तर होवो, असं मला त्या दिवसापासून वाटतंय.

आश्रमातून फोन आला तो माझ्या मोबाइलवर. अर्जात माझाच नंबर दिला होता. फोन कानडीत होता. यांनी घेतला असता तर काही कळलं नसतं. माझं माहेर अक्कलकोटकडचं, म्हणून मला कळलं. मग व्हिडिओवर त्याला बघितलं आणि आम्ही निघालो.

वन्सं, इथवर लिहून मी उठले होते. चहा केला. भीमाला दिला, यांना दिला. आता परत बसलेय. वर लिहिलंय ते खोटं नाही, पण मधलं गाळलंय.

तो फोन आला तेव्हा तिप्पण्णांनी विचारलं, "तुमच्या घरातलं कुणी हरवलंय का?" मी "नाही" म्हणाले आणि फोन ठेवला.

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. त्यांना साखर दिली, तेल दिलं. तीन दिवसांनी त्यांचा पुन्हा फोन आला. त्यांना राग नव्हता. पडद्यावरचं गाव त्यांना माहीत होतं, तरी तो विषय त्यांनी काढला नाही. ते म्हणाले, "बाई, मी नाव विचारत नाही. फक्त एक शब्द विचारतो. आमच्याकडं एक माणूस आहे. त्याला गाव विचारलं की तो नऊ वर्षं 'वैनी' म्हणतो. आम्ही रजिस्टरला गाव वैनी असंच लिहून ठेवलंय. नकाशात शोधलं, रेल्वेवाल्यांना विचारलं. असं गाव कुठं मिळत नाही. तुमच्या बाजूला आहे का?"

मी पोत्यावर बसले. म्हटलं, "ते गाव नाही. अत्तिगे म्हणतात ना तुमच्यात, ते आहे. ती मीच."

आता त्या दिवसाचं सांगते. १६ जानेवारी २०१६. मी त्याला अपंगाच्या दाखल्यासाठी सोलापूरला नेलं होतं. एसटीत त्याला फेफरं आलं, कपडे खराब झाले. लोक नाकाला पदर लावून सरकले. स्टँडच्या नळावर मी त्याला भर थंडीत धुतलं. दाखल्याच्या रांगेत चार तास उभी राहिले, नंबर लागला नाही. तिसरी खेप होती ती. परत निघालो तर तो "गाडी बघू" म्हणून रस्त्यात बसला. म्हणून त्याला रेल्वे स्टेशनवर नेलं. बाकावर बसवून मी पाणी आणायला गेले. हे सगळं मी तेव्हाही सांगितलं होतं. पाणी घेऊन आले तर तो नव्हता, असं मी म्हणाले. ते खरं नव्हतं.

मी आले तेव्हा तो समोरच्या डब्याच्या दारात उभा होता. गाडी सुटत होती. माझ्यापासून पंधरा पावलांवर असेल. मला बघून हसला, हात केला. धावता आलं असतं. ओरडता आलं असतं, शेजारी हमाल होते, पोलीस होता. मी बाटली हातात धरून उभी राहिले. गाडी गुलबर्ग्याच्या बाजूला गेली. शेवटचा डबा गेला आणि अंगावरचं ओझं कुणी उतरवून घ्यावं तसं मला वाटलं. तसं मला वाटलं, वन्सं. त्यानंतर मी रडले तेही खरंच होतं, पण आधी वाटलं ते हे.

मग तुम्ही सगळ्यांनी त्याला सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत शोधलं. तुळजापूर शोधलं, पंढरपूर शोधलं, बार्शीत पत्रकं चिकटवली. दाजी आठ दिवस सोलापुरात दवाखाने हिंडले. मी एका शब्दानं गाडी सांगितली असती तर दुसऱ्या दिवशी तो रायचूरला मिळाला असता. आई रोज दुपारी सोलापूरची गाडी यायच्या वेळेला स्टँडवर जायच्या आणि कंडक्टरला विचारायच्या, "माझा भीमा चढला व्हता का वो?" मी त्यांना हाताला धरून परत आणायची. दोन वर्षं आणली. तेव्हाही सांगितलं नाही. पहिल्या दिवशी सांगितलं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी सांगता येईना, आणि मग ते तसंच साचत गेलं.

एक राहिलंय, तेही लिहिते. अकरा वर्षं त्याचं हगणं-मुतणं मी काढलं. तुम्ही यायचात, त्याला जवळ घ्यायचात, कसं भरवायचं ते मला सांगायचात आणि तिसऱ्या दिवशी करकंबला परत जायचात. एकदाही म्हणाला नाहीत की आठ दिवस याला घेऊन जाते. हे मी माझ्या बचावाला म्हणत नाही. पण त्या फलाटावर मी उभी राहिले तेव्हा हेही माझ्या मनात होतं.

रायचूरला आम्ही पोचलो तेव्हा भीमा स्वैपाकघरात होता. यांना त्यानं लगेच ओळखलं. "दादा" म्हणून गळ्यात पडला. हे रडले, मी त्यांना आईंच्या वेळीही असं रडताना बघितलं नव्हतं. मग भीमानं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता तोंड फिरवेल. त्यानं माझ्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्या खांद्यावर घेतली. आणि विचारलं, "वैनी, आई कुटं हाय?" यांचं रडणं थांबेना. मीच सांगितलं, कानडीत सांगितलं. मग तो जाऊन उरलेली भाजी चिरून आला.

तिप्पण्णांनी सहीसाठी रजिस्टर पुढं केलं. त्यात पहिल्या दिवसाची नोंद होती, रेल्वेतून उतरला, तारीख १७ जानेवारी. यांनी ती मला वाचायला लावली आणि म्हणाले, "रेल्वेत? रेल्वेत चढताना कुनीच कसं बघितलं न्हाय त्याला?"

मी म्हणाले, "मी बघितलं."

तिप्पण्णांना मराठी येत नाही, पण ते उठून बाहेर गेले. मी यांना सगळं सांगितलं. ह्यांनी एवढंच म्हटलं, "आई मरंपतुर..." येताना गाडीत दोघांच्या मध्ये भीमा बसला होता. घरी आल्यावर म्हणाले, "आक्काला तूच कळव. समदं कळव. अर्धं सांगायचं आसल तर लिवू नगं." म्हणून त्यांनी स्वतः तुम्हाला फोन केलेला नाही. त्यांच्यावर रागावू नका.

निघताना मी तिप्पण्णांच्या पाया पडले. ते मागं सरकले. म्हणाले, "मी काय केलं, नोंद तर तुम्हीच केली होती." त्यांना ठाऊक नाही मी काय केलं होतं, किंवा ठाऊक असेल. आश्रमातली माणसं दारापर्यंत आली होती. एका म्हाताऱ्यानं भीमाच्या खिशात शेंगदाणे भरले. ज्याला मी नको म्हणून जाऊ दिलं, त्याला तिथं नऊ वर्षं कुणी नको म्हटलं नाही.

आता घरातलं. ह्यांचं माझ्याशी बोलणं कामापुरतं आहे. पायलला काल सांगितलं, ती फोनवर रडली आणि म्हणाली, "मम्मी, मी पुढच्या रविवारी येते, मग बोलू." मला घरातून जा म्हणाल तर मी माहेरी जाईन, ह्यांनाही तसं सांगितलंय.

पण एक अडचण आहे. भीमाचं मराठी बरंचसं गेलंय. चार-दोन शब्द आपले, बाकी सगळं कानडी. भूक, दुखणं, गोळीची वेळ, आश्रमातल्या गोष्टी, सगळं कानडीत सांगतो. हे नुसते त्याच्या तोंडाकडं बघत बसतात. घरात त्याचं बोलणं मलाच कळतं. काल संध्याकाळी तो यांच्याशी खूप वेळ बोलला आणि शेवटी यांनी मान वर न करता मला विचारलं, "काय म्हनतोय?" तीन दिवसांत मला आपणहून विचारलेली ती पहिलीच गोष्ट. तो तुमच्याबद्दल बोलत होता. आक्का म्हातारी झाली का, तिची म्हैस आहे का, ती कधी येणार.

वन्सं, तुम्ही या. माझ्याशी बोलू नका, या घरचं पाणीही घेऊ नका, बरोबर आणा. तुम्ही असेपर्यंत मी मागच्या दारी राहीन म्हटलं असतं, पण ते जमणार नाही. तो तुम्हाला काय सांगतोय ते मराठीत सांगायला मला तिथं उभं राहावं लागेल. त्याचा एकही शब्द मी गाळणार नाही.

तुमची अपराधी भावजय,
गोदावरी