पानाची पाठ

सोमवार
आलो बाई एकदाचे! खोली लहान आहे पण पक्की, नळ अगदी दारात. आमची पोर चिमणी तर आल्या आल्या चारही कोपऱ्यांत बसून आली, माझं घर, माझं घर करत. समोर प्लास्टिकची मोठमोठी घरं आणि त्यांत नुसती शेवंती, पांढरी, पिवळी, जांभळी. ह्यांना फवारणीचं काम, मला वाफ्यांवर. निघताना आक्काने ही वही दिली. म्हणाली, रोज दोन ओळी लिही, चौथीपर्यंत शिकलीस तेवढं तरी विसरू नकोस. म्हणून लिहिते.

मंगळवार
आमच्यावर एक मुकादम बाई आहेत, सगळ्या त्यांना मावशी म्हणतात. त्यांनी काम दाखवलं. बाजूच्या कळ्या खुडायच्या, शेंड्याची तेवढी ठेवायची, म्हणजे फूल वाटीएवढं होतं. पाणी बुंध्याशीच द्यायचं. पान ओलं राहिलं की पांढरा तांबेरा रोग आलाच. तो वरून कळत नाही, वर नुसता फिकट ठिपका. पान उलटं केलं की मागे पांढरे फोड, मोहरीएवढे. मावशी म्हणाल्या, पानाचं तोंड सगळेच बघतात गं, तू पाठ बघ. फोड दिसले की हात लावायचा नाही, हाक मारायची. मग त्या येऊन रोपावर पिशवी घालतात, तोंड बांधतात, उपटतात आणि जाळतात. वेळेवर सांगितलं तर एकच रोप जातं. लपवलं तर अख्खी रांग. मी म्हटलं, एवढ्याशा ठिपक्याला केवढी ही शिक्षा! कुणीच हसलं नाही.

गुरुवार
शेजारच्या वहिनींशी छान जमलं. त्यांचं बाळ तान्हं आहे, सतत कडेवर. चिमणीला त्या भिंगरी म्हणतात. संध्याकाळी मावशी घरी आल्या. चिमणीला मांडीवर घेतलं, बिस्कीट दिलं. मग तिचे तळहात उलटे केले, कानामागे बघितलं, फ्रॉक वर करून पाठ बघितली. मी म्हटलं, काय मावशी, म्हैस विकत घेताय का? त्या म्हणाल्या, स्वच्छ आहे. आणि गेल्या. बरं नाही वाटलं.

शनिवार
आज मी एक वेडेपणा केला. माझ्या वाफ्यात एका रोपाच्या खालच्या पानाला फोड दिसले. हाक मारणार होते, पण वाटलं, पहिल्याच आठवड्यात माझ्याच वाफ्यात निघालं तर बायका म्हणतील हिचा हातच वाईट. पान खुडलं, एप्रनच्या खिशात टाकलं, वाटेत फेकू म्हणून. विसरले. घरी येऊन हातपाय धुते तर चिमणी ते पान गालावर फिरवत बसलेली. मऊ मऊ आहे म्हणे. पान जाळलं आणि तिला रगडून आंघोळ घातली. काही होत नाही. झाडाचा रोग माणसाला थोडाच होतो.

पुढचा शुक्रवार
चिमणीच्या गालावर फिकट ठिपका आहे. जंत असतील.
वहिनींना सहज विचारलं, पलीकडची खोली रिकामी का. त्या म्हणाल्या, एक बिऱ्हाड होतं, त्यांच्या पोराच्या अंगावर उठलं, त्यांनी लपवलं. मी विचारलं, मग ते कुठे गेले? वहिनींनी बाळाला पदराखाली घेतलं. म्हणाल्या, तुझ्या पोरीला काही झालं तर लगेच सांग हं, माझं बाळ लहान आहे. माझ्याकडे बघत नव्हत्या.

शनिवार
आंघोळीला बसवली. पाठीवर आहेत. खांद्याखाली. पांढरे. दुखतं का विचारलं, तर नाही म्हणाली, गुदगुल्या होतात. बोट लावलं तर बोटाला पीठ लागलं.

रविवार
ह्यांना दाखवलं. ह्यांनी साबणाने हात धुतले. पुन्हा धुतले. मी म्हटलं, गाठोडं बांधते, पोरीला घेऊन निघू, मोठ्या डॉक्टरला दाखवू. म्हणाले, गाडीचं विचारून येतो. गेले ते आलेच नाहीत.

सोमवार
कामाला गेले नाही. पोरीला ताप आहे म्हणून कळवलं.
वहिनींना हाक मारली. बाळाचा आवाज येतो, त्या बोलत नाहीत.

मावशी येताहेत. मागे सगळ्या बायका. हातात प्लास्टिकची पिशवी आहे— रोपाला एवढी मोठी लागत नाही—

कडी लावली. दाराला पाठ लावून बसलेय. आक्का, तू वाचशील म्हणून लिहिते. मावशी गोड बोलतात. म्हणतात, तुझा नवरा शहाणा, वेळेवर सांगितलं, एकीवर भागेल, बाकीच्यांना काही नाही, उघड बाळ. खोटं आहे. हे असं करणार नाहीत. ह्यांचा जीव आहे तिच्यात—

वहिनीपण बाहेर आहेत. रडतात, आणि दार ढकलतात.

हे आले! मागच्या खिडकीत. चिमणी बाबा बाबा करत पेटीवर चढली. म्हणतात, दे तिला इकडून, मी बाहेर काढतो. देवा, आले. पण मी उठले तर दार— चिमे, तूच जा, बाबांकडे जा—

अहो, हातमोजे का घातलेत. अहो. आपल्याच पोरीला घ्यायला— आधी ते काढा. काढा म्हणते ना, मगच तिला हात—