दाराचा जुना फोटो

प्रिय दिगू,

रेखा वहिनींनी आज दुपारी अकोल्याहून फोन करून माझ्याकडे उद्याचं भाषण लिहून मागितलं. उद्या प्रजासत्ताक दिनाची आपली सायकल फेरी. यंदा ती तुझ्या नावाने निघतेय आणि झेंडी वहिनी दाखवणार आहेत. मी दुकानात दुरुस्तीला आलेली एक मोटर अर्धी खोललेली सोडली, वही काढली आणि तासभर कोऱ्या पानाकडे बघत बसलो. ते भाषण माझ्याच्याने लिहवत नाही, म्हणून तुला लिहितोय. आठ महिन्यांत पहिल्यांदाच.

त्यांना काय बोलायचंय, ऐक. म्हणाल्या, "भाऊजी, मले चार लोकांत बोलता येत नाही, तुमी लिहून द्या. थकून घरी आलेल्या मानसाले पुन्हा कामाले पाठवू नका, एवढंच सांगाचं हाय. मीनं पाठोलं, तसं दुसऱ्या कोनी करू नये."

अरे, तुला कुणीच कुठे पाठवलं नव्हतं! हे तुला माहीत होतं आणि मला माहीत आहे. तिसऱ्या कुणाला नाही.

आपण अकरा जण, रविवारवाले. पहाटे निघायचं, कधी भातकुली, कधी तिवसा, वर्षातून एकदा अकोला, आणि परतल्यावर नाश्त्याला गिला वडा. गणपतीची मिरवणूक असो की झाडं लावायची फेरी, तू आपल्या फुलांच्या दुकानातून झेंडूच्या माळा आणायचास आणि प्रत्येकाच्या हँडलला स्वतः बांधायचास. माझी माळ नेहमी सगळ्यात रोडकी. विचारलं की म्हणायचास, तुझ्या सायकलला शोभेल एवढीच आणली. मी दर वेळी चिडायचो आणि तू दर वेळी खूश व्हायचास.

आणि तो दाराचा फोटो. सलीम एकदा फेरीनंतर घरी जाताना खड्ड्यात पडला आणि तासभर कुणाला पत्ताच नव्हता, तेव्हापासूनचा आपला नियम. घरी पोचलं की आपल्या दाराला सायकल टेकवायची, फोटो काढायचा, ग्रुपवर टाकायचा. शेवटचा फोटो येईपर्यंत कुणी आंघोळीला जायचं नाही. लोक हसायचे आपल्याला. पण सलीम तर बूटसुद्धा काढायचा नाही.

तुझा फोन मात्र फेरी संपेपर्यंत सदा मेलेला. म्हणून तुझा फोटो मीच काढायचो, तुझ्या दारात उभा राहून. पुढे पुढे आळस आला. एक जुना फोटो ठेवूनच दिला होता, निळं दार आणि त्याला टेकलेली तुझी सायकल. तुला गल्लीच्या तोंडाशी सोडलं की तो ग्रुपवर ढकलून द्यायचो. तुला ठाऊक होतं. हसायचास. आपण दोघांनी मिळून तो नियम पोकळ केला, हे तरी मान्य कर.

मे महिन्यातला तो रविवार. भातकुलीहून परत येताना आपण दोघे सगळ्यांच्या मागे पडलो. बडनेऱ्याच्या अलीकडे तू पुलाच्या कठड्यावर बसलास. आठच वाजले होते, पण ऊन भाजत होतं. तुझा शर्ट भिजलेला, चेहरा पांढरा. मी विचारलं, काय होतंय? तू म्हणालास, अॅसिडिटी. तुला दाढ दुखली तरी अॅसिडिटीच व्हायची! खरं का नाही बोललास? छातीत दुखतंय, एवढे दोन शब्द जड झाले होते का?

पण मीही डोळ्यांनी बघत होतोच ना. माझ्या भाच्याचा साखरपुडा होता त्या दिवशी, बायकोचे तीन फोन येऊन गेले होते. तू म्हणालास, "तू समोर हो. मी दहा मिन्टं बसतो. माहा फोटू टाकून दे, नाहीतं सारे खोळंबतीन."

मी टाकला. पुलावरूनच, तुझ्यासमोर. खाली लिहिलं, दिगू पोचला.

सलीमचं घर त्या पुलापासून सायकलवर पाच मिनिटं. तो दारात बूट घालून उभा होता. फोटो आला, त्याने बूट काढले. हे त्याने मला नंतर स्वतः सांगितलं, रडत. तुझ्याजवळ लोक जमले तेव्हा दहा वाजून गेले होते. दोन तास, दिगू! तू त्या दोन तासांत कुणाला हाक मारलीस का? माझी वाट पाहिलीस का? हे मी रोज विचारतो, आणि उत्तर येत नाही याचं मला बरंच वाटतं.

दवाखान्यात सलीम म्हणाला, "फोटो आला होता ना, मंग तो वापस काहून गेला?" सगळे माझ्याकडे बघत होते. तेव्हा बोललो असतो तर शिव्या खाल्ल्या असत्या, कदाचित मारही, पण सुटलो असतो. मी म्हणालो, वहिनींनी काही आणायला सांगितलं असेल.

सुचलं तसं बोललो. वहिनी तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला अकोल्यात होत्या. मला काय माहीत की त्यांनी पहाटे खरंच तुला फोन केला होता, संध्याकाळच्या गाडीने अकोल्याला येताना बडनेऱ्याच्या बाजारातून डिंक आणा म्हणून! माझं ते वाक्य कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं आणि त्यांनी ते अंगावर घेतलं. तेराव्याला आल्या-गेल्या प्रत्येकाला त्या तेच सांगत होत्या, डिंक मी मागितला. मी पंगतीत वाढत राहिलो.

आणि उद्या त्या माईकवर तेच सांगणार, माझ्याच अक्षरातल्या कागदावरून.

दिगू, इथे मी पेन खाली ठेवलं होतं. फोन केला त्यांना. दोनदा भलताच नंबर लागला. मग सगळं सांगितलं, पूल, फोटो, साखरपुडा, दवाखान्यातलं माझं वाक्य. काही झाकलं नाही.

 

त्या म्हणाल्या, "ते घरी आलेच नव्हते?"

"नाही, वहिनी."

"मंग माह्या डिंकासाठी नव्हते गेले ते?"

मी नाही म्हणालो. त्या मोठ्याने रडायला लागल्या. आठ महिन्यांत मी त्यांना असं रडताना ऐकलं नव्हतं. तुझ्या लेकीने फोन घेतला, आईला काय बोललात म्हणून विचारलं. तिलाही सांगितलं. तिने फोन ठेवून दिला. वहिनी उद्या येतील की नाही, मला माहीत नाही.

मी मात्र जाणार आहे. फेरी सुटायच्या आधी सलीमला बाजूला घेऊन नाही, सगळ्यांसमोर सांगेन, की दिगू घरी पोचला नव्हता आणि ते मला ठाऊक होतं. मग ते मला सोबत नेवोत की हाकलून देवोत. इतकं वचन देतो तुला. माफी मागत नाही. ती आधी वहिनींची मागायची आहे, आणि ती द्यायची की नाही हे त्या ठरवतील.

तुला पुलावर सोडून गेलेला,
विन्या