आईच्या नावाचं ताट

वाल्या रेचे,
गुरुवार, २० मार्च

प्रिय त्रायान,

तुला आणि तुझ्या व्हियोरिकाला ताईचे आशीर्वाद. इकडे बरं आहे. बर्फ वितळून अंगणात चिखल झालाय, द्राक्षवेलींची छाटणी अर्धी उरकली, आणि पारास्किवा मावशी लेकीकडून परत आली. खुब्याचं हाड जुळलं; जिभेचं काही बिघडलं नव्हतंच.

तू फोन करतोस आणि मी "चुलीवर दूध आहे" म्हणून ठेवून देते. आपल्या शेळीला एवढं दूध कधीपासून यायला लागलं, असं तू परवा विचारलंस. माझं खोटं तुला आवाजावरून कळतं, म्हणून शेवटी कागद घेतला.

इस्पितळातून तुला अजून काही कळलं नसेल. मीच डॉक्टरीणबाईंना म्हटलं, त्याला मी सांगते. तुला मूत्रपिंड देण्यासाठी ठरलेली तारीख त्यांनी रद्द केली आहे. रक्त जुळतं, सगळं जुळतं, पण माझं वजन परत वाढलंय. गेल्या वर्षभरात उतरवलं होतं ते जवळजवळ सगळं. एवढ्या वजनाच्या बाईला कापायला त्या तयार नाहीत. आणि तू माझ्या भरवशावर एक दिवसाआड त्या यंत्राला जोडून घेतोस.

झालं कसं, ते सांगते. आई गेली नाताळच्या तोंडावर, घरात नुकतं डुक्कर कापलेलं. चाळीस दिवस रोज तिच्या नावाचं ताट कुणाला तरी द्यायचं, ते मावशीनं घ्यायचं कबूल केलं होतं. पहिल्याच आठवड्यात ती बर्फावर घसरली आणि लेक तिला शहरात घेऊन गेली. आता ताट कुणाला देऊ? आपल्या आळीत घराघराला कुलूप, माणसं सगळी इटलीत. मेणबत्ती लावून वाढलेलं ताट परत भांड्यात ओतता येत नाही, कुत्र्यालाही घालता येत नाही. मग मीच समोर बसले. आईला आवडायचे तसे सारमाले, कोबीच्या पानात डुकराचा खिमा, वर आंबट साय. "बोग्दाप्रोस्ते, देव तिला हे पोचवो," असं घेणाऱ्यानं म्हणायचं तेही स्वतःच म्हटलं आणि जेवले. रोज. माझं मोजूनमापून जेवण वेगळं, हे वेगळं. हसू नकोस, पण मला खरंच वाटायचं की आईच्या नावाचं माझ्या अंगी लागणार नाही.

चाळिसाव्या दिवशी जेवायला आलेल्या पाद्रीबुवांना सांगितलं, तर त्यांचा घास हातातच राहिला. "अगं लुक्रेत्सिया, स्वतःच स्वतःला दिलं ते दान कसलं? आईला त्यातलं काही पोचलं नाही, बाळ."

मावशीनं तर आल्याआल्या तोंड सोडलं. "वेडे, फाटकात उभी राहिली असतीस तर टपालवालीनं नेलं असतं! आईला उपाशी ठेवलंस आणि स्वतः फुगलीस!" असं म्हणाली आणि मग माझ्याच गळ्यात पडून रडली.

इथं पत्र संपवलं तर तुला माझी दया येईल. पण त्रायान, चाळीस दिवस सरल्यावरही मी थांबले नाही. आता मेणबत्ती नव्हती, कुणाचं नाव नव्हतं, तरी खात होते. डॉक्टरीणबाईंनी काट्यावर उभं केलं, तारीख रद्द म्हणाल्या, आणि रडू यायच्या आधी मला हायसं वाटलं. इतके दिवस तुझ्यापासून लपवत होते ते हेच. मला त्या टेबलाची भीती वाटते रे. आई म्हणायची, तुला आत नेतील तोवर मी हात सोडणार नाही. आता ती नाही. जाड राहिले तर मला कोणी कापणार नाही, हे माझ्या मनानं केव्हाच हेरलं होतं. आईचं ताट नुसतं निमित्त झालं.

परवा मी होऊन इस्पितळात परत गेले. आहाराच्या बाई झापतील म्हणून खाली मान घालून बसले होते. त्यांनी फक्त विचारलं, "आज सकाळी काय खाल्लंत?" घेवड्याचं सूप, म्हटलं. "मग आजपासून धरू या," म्हणाल्या. सध्या ईस्टरआधीचा उपवास आहे, घरात मांस नाही, तेवढी मदत. रोज टेकडीवरच्या मळ्यापर्यंत चालते. संध्याकाळी पोटात कावळे ओरडतात, मग मी मावशीवर खेकसते. ती म्हणते, "खा मला, पण भाकरीला हात लावू नकोस." उन्हाळा संपताना पुन्हा तपासतील. जमेलच असं वचन देत नाही. मागच्या खेपेला दिलं होतं.

दुसरं कुणी देणारं मिळालं तर माझ्यासाठी थांबू नकोस, मला वाईट वाटणार नाही. वाटेल, पण थांबू नकोस. आणि माझाच नंबर लागला, तर त्या दिवशी तिथल्या लोकांना एवढं सांग, की आत नेण्याआधी आपल्या दोघांच्या खाटा घटकाभर शेजारी ठेवा. माझा हात तू धर.

भ्यालेली, तरी येणारी,
तुझी ताई
लुक्रेत्सिया