सातवी बोट, चार किलो सहा ग्रॅम

५ जानेवारी, रविवार. सकाळी ६.१०
नवी वही. संकल्प तीन. एक, रोज लिहायचं. दोन, रिमोटवर चालणाऱ्या शिडाच्या बोटींच्या वार्षिक शर्यतीत यंदा पहिला नंबर. तीन, बायको घरी परत. तिसरा दुसऱ्यातच आला, म्हणजे खरं तर दोनच.
ही सध्या बहिणीकडे आहे. सात डिसेंबरला गेली. हवापालट. शिलाई मशीन बरोबर नेलं, तेव्हा मेहुणीकडे पडदे शिवायचे असणार.

६ जानेवारी
आज काही घडलं नाही.

१२ जानेवारी, रविवार
मधले पाच दिवस विचारात गेले. ही का गेली, हे शांत डोक्याने शोधून काढलं.
गेल्या नोव्हेंबरात, शर्यतीच्या आदल्या दुपारी, हिच्या पोटात कळा आल्या. पित्ताशयात खडे. डॉक्टर म्हणाले, उद्या दहाला ऑपरेशन. तारीख त्यांनी दिली, मी नाही. फायनल अकराला होती. ही आत, डॉक्टर आत, मी बाहेर बाकावर बसून काय दिवे लावणार होतो? शिवाय दवाखान्याच्या वासाने मलाच चक्कर येते. तळ्यावर गेलो. चार वाजता कप घेऊन थेट हिच्या उशाशी. हिने कपाकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, तिसरा?
तेव्हाच ओळखायला हवं होतं. तिला पहिल्याची अपेक्षा होती. माणूस आजारी असला की हळवा होतो.
उपाय सोपा आहे.

२ फेब्रुवारी, रविवार
नव्या बोटीचं डिझाइन सुरू. डायनिंग टेबल पूर्ण मोकळं मिळालं, हा एक फायदा.
आतापर्यंत सहा बोटी झाल्या. सहावी झाली तेव्हा ही म्हणाली होती, घरात सहा बोटी, म्हणजे मी सातवी. विनोदबुद्धी चांगली आहे तिची. नव्या बोटीचं नाव ‘सातवी’ ठेवलं आणि हिला मेसेज केला, तू आता आठवी. खाली हसरा चेहरा.
उत्तर नाही. कामात असेल.

९ फेब्रुवारी, रविवार
नियमांचं पुस्तक पुन्हा वाचलं. लांबी एक मीटरपेक्षा केसभरही जास्त नको. वजन चार किलोपेक्षा कमी नको. खालची कील, म्हणजे बुडाखालचं वजनदार पातं, पाण्यात बेचाळीस सेंटिमीटरपेक्षा खोल नको. हे सगळं मोजून दाखला मिळाला तरच बोट पाण्यात.
आमच्या क्लबची मोजणी अधिकारी कोण? ही! लग्नानंतर दर रविवारी माझ्याबरोबर तळ्यावर येऊन बसायची. बसून बसून कंटाळली, म्हणून नियमांचं पुस्तक वाचलं आणि परीक्षाच दिली. पण नियम असा की, ज्या बोटीत मोजणाऱ्याचा हितसंबंध आहे ती त्याने मोजायची नाही. नवऱ्याची बोट म्हणजे हितसंबंध. एकोणीस वर्षं मी विनवतोय, अगं एकदा मोज, कोण बघतंय. एकोणीस वर्षं तिचं एकच, अहो, मी तुमची बायको आहे, मला नाही चालणार. जगाच्या बोटी ही मोजणार आणि घरची बोट मी दोन बस बदलून पलीकडच्या क्लबच्या मोजणी अधिकाऱ्याकडे, म्हणजे एका डेंटिस्टकडे न्यायची. तो आधी बोट बघतो, मग माझ्या दाढा. दोन्हींत खोट काढतो.
हट्टी बाई. पण तत्त्वाची.

२३ फेब्रुवारी, रविवार
कीलसाठी शिसं वितळवलं. एवढं जाड बुडाचं भांडं घरात एकच. नेमकी तेव्हाच मेहुणी आली. म्हणाली, भाऊजी, हे ताईचं दुधाचं पातेलं ना? मी म्हटलं, होतं. मग ती आत जाऊन हिचे उन्हाळ्यातले कपडे दोन बॅगांत भरून घेऊन गेली.
म्हणजे मुक्काम उन्हाळाभर. बरंच झालं, मला वेळ हवाच होता. शिसं छान ओतलं गेलं.

१६ मार्च, रविवार
डोलकाठी पडद्याच्या दांडीला टांगून रंगवली. पडदा असाही धुवायचाच होता.
मंगळवारी एक वकिलाचं पाकीट आलंय. मेहुणीच्या सोसायटीचं काही असेल. कागद जाड आणि गुळगुळीत. पाठीमागे सुकाणूचा आकार फार सुंदर उतरला.

६ एप्रिल, रविवार
मुलीचा फोन. ती दुसऱ्या गावी नोकरीला असते. विचारत होती, बाबा, पाकीट उघडलंत का? मी सांगितलं, त्यावर सुकाणू आहे, अजून कापायचं आहे. मग म्हणाली, आई पडदे शिवायला गेलेली नाही, बाबा. मी म्हटलं, बरं, उशांचे अभ्रे असतील. तिने फोन ठेवला.
या पिढीला विनोद कळत नाही.

१५ एप्रिल, मंगळवार
पाकीट उघडलं. वाचलं. दोघांच्या संमतीने वगैरे. वकिलांची भाषाच तशी, साधी गोष्टही घाबरवून सांगतात.
रागाच्या भरात माणूस काय काय टाइप करून घेतो.

२४ एप्रिल, गुरुवार
सातवी पाण्यात तरंगली! ठिकाण: मी नोकरी करतो ते टाइल्सचं शोरूम. घरच्या बादलीत बेचाळीस सेंटिमीटरची कील मावत नाही. शोरूममध्ये मात्र डिस्प्लेला मोठा पांढरा टब आहे. मालक जेवायला गेले, मी टब भरला. बोट अगदी सरळ उभी राहिली. डोळे भरून आले.
तेवढ्यात एक नवराबायको टाइल्स बघायला आले. बाई विचारू लागल्या, टबाबरोबर बोट फ्री आहे का? नवरा म्हणाला, नको गं, घरात आणखी एक पसारा. ती हसली आणि त्याच्या दंडावर चापट मारली. दोघं कितीतरी वेळ ठरवत होते, बाथरूमला निळा की करडा. मी बोट धरून उभा.
मालक लवकर परतले. टबाला खाली भोक आहे आणि त्याला पाइप जोडलेला नाही, हे मला माहीत हवं होतं, असं त्यांचं म्हणणं. बूच मी नीट लावलं होतं. बूचच निकृष्ट. खालच्या गोदामातले चाळीस खोके भिजले. महिनाभर मला गोदामातच बसवलंय.
शांत जागा आहे. डिझाइनचा विचार होतो.

१८ मे, रविवार
शिडं. आजवर सहाही बोटींची शिडं हिने शिवली. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप आणि त्यावर एक बारीक टाका. आपल्याला काय कठीण? टेप आणली.

१९ मे
टेप बोटांना चिकटते.

२५ मे, रविवार
शीड तयार. वारा भरल्यावर त्याला पोट यायला हवं, तसं आलं; फक्त उलट्या बाजूला. क्लबचा सेक्रेटरी फोटो बघून म्हणाला, ही बोट मागे जाणार बहुतेक. मी त्याला टेपची क्वालिटी समजावून सांगितली. तो म्हणाला, नाचता येईना अंगण वाकडं.
हिला मेसेज केला, टाका कसा घालायचा? सहा महिन्यांत पहिल्यांदा उत्तर आलं. बारा ओळींचं! सुई किती नंबरची, दोरा कुठला, कापड कुठून ताणायचं, सगळं. शेवटी लिहिलं होतं, कागदांवर सह्या करून द्या.
बारा ओळी. ज्या बाईला यायचं नाही ती बारा ओळी लिहील का?

८ जून, रविवार
सह्या केल्या. एकदा कागद गेले की हिचा राग उतरेल, मग बोलता येईल. मुलगी न्यायला आली होती. तिने माझ्यासाठी टोस्ट केले, बोट सरकवून टेबलाचा एक कोपरा मोकळा केला. विचारलं, बाबा, तुम्हाला कळतंय ना कशावर सही केलीत? मी म्हटलं, कागदाने काय होतं.
जाताना तिने मला जवळ घेतलं. लहानपणी मी घ्यायचो तसं.

१० ऑगस्ट, रविवार
तळ्यावर सराव. सुकाणू हलवणाऱ्या सर्व्हो मोटरने दगा दिला. वाराही चुकीचा होता.

१७ ऑगस्ट, रविवार
सराव. शेवाळ.

२४ ऑगस्ट, रविवार
सराव. बदक.

३ ऑक्टोबर, शुक्रवार
कोर्टात जाऊन आलो. अकरा मिनिटं लागली. हिने करडी साडी नेसली होती, बारीक झालीय. मी सातवीचे फोटो मोबाइलवर तयार ठेवले होते, पण तिथे मोबाइल काढू देत नाहीत. बाहेर येईपर्यंत ती रिक्षात बसली होती.
तर ती एक औपचारिकता उरकली.

२ नोव्हेंबर, रविवार
घोळ. डेंटिस्ट मुलाकडे गेलाय तो जानेवारीत परतणार. सातवी कोण मोजणार? सेक्रेटरीला विचारलं. तो म्हणाला, शर्यतीच्या सकाळी तळ्यावरच मोजणी आहे, तिथे या. अधिकारी कोण, तर ही! ती येणार आहे!
सेक्रेटरीला नियम माहीत नाही. मी सांगितला नाही.

९ नोव्हेंबर, रविवार. पहाटे ५
काय होईल ते सगळं डोळ्यांपुढे आहे. मी बोट टेबलावर ठेवीन. ती म्हणेल, अहो, मला नाही चालणार. मी म्हणेन, एकदा मोज, कोण बघतंय. ती चिडेल. चिडली की तिच्या नाकाचा शेंडा लाल होतो. एकोणीस वर्षांचं भांडण आहे ते आमचं, पाठ आहे. त्यातूनच बोलणं सुरू होईल.
मग शर्यतीला दाखला कुठून आणणार? ते नंतर बघू. शर्यत काय, दरवर्षी असते.

१६ नोव्हेंबर, रविवार
सहा बोटी माळ्यावर टाकल्या. डायनिंग टेबल घासलं, दोन खुर्च्या मांडल्या. नवं पातेलं आणलं, जाड बुडाचं. मुलीला फोन करून सांगितलं. मला बरं वाटावं म्हणून की काय, आधी म्हणाली छान. मग म्हणाली, बाबा, बैल गेला आणि झोपा केला. मग रडायला लागली.
मी म्हटलं, अगं, येऊ तर दे तिला.

२३ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळ
लिहितो.
साडेआठला पोचलो. झाडाखाली मोजणीचं टेबल. फूटपट्टी, वजनकाटा, कील बुडवायचं पिंप, फॉर्म. मागे ही. केस कापलेत. मी रांगेत सातवा होतो. हे तिला सांगायचं ठरवलं होतं, हसली असती.
तिने वर बघितलं आणि म्हणाली, सदतीस नंबर, बोट ठेवा. सदतीस हा माझ्या शिडावरचा नंबर. आजवर ती मला दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारत आली, ते मी इथे लिहीत नाही.
मी म्हटलं, तुला नाही ना चालणार. माझी बोट आहे.
ती म्हणाली, आता काही अडचण नाही.
मी म्हटलं, नियम आहे. पुस्तकात आहे. एकोणीस वर्षं तूच सांगतेस. माझा आवाज जरा चढला असावा, कारण सेक्रेटरी जवळ आला. तिने शांतपणे फॉर्म माझ्याकडे फिरवला. वरून चौथी ओळ. ‘मोजणाऱ्याचा या बोटीत हितसंबंध: आहे / नाही.’ तिने ‘नाही’वर खूण केली. मी पेनाकडे बघत होतो. ते कुठे अडखळलं नाही. नाकाचा शेंडाही लाल झाला नाही.
मग तिने सातवी उचलली. दोन्ही हातांनी, खालून, तान्ह्या मुलाला धरतात तशी. मोजणारे सगळे तशीच उचलतात. लांबी नव्याण्णव पूर्णांक नऊ सेंटिमीटर. वजन चार किलो सहा ग्रॅम. कील पाण्यात बेचाळीसला जेमतेम कमी. शिडाच्या टाक्यावरून तिने एकदा तर्जनी फिरवली. म्हणाली, टाका सरळ आलाय.
मी विचारलं, ऑपरेशनची जखम कशी आहे?
तिचा हात फॉर्मवर थांबला. वर्ष झालं. पहिल्यांदाच विचारत होतो मी, हे मला विचारून झाल्यावर कळलं. ती म्हणाली, बरी आहे. सही केली, लग्नाआधीचं आडनाव. म्हणाली, पुढचा नंबर.
मोजणी दहाला संपली. मोजणी संपली की अधिकाऱ्याचं काम संपतं. तिने पट्टी, काटा पिशवीत भरला आणि ती गेली. शर्यत अकराला. चौदा बोटींत माझा अकरावा आला. वाऱ्याचा काही दोष नव्हता. बदकंही नव्हती. मी फाटकाकडे बघत होतो.
बाकावर बसलो होतो बराच वेळ. म्हटलं तर सोपं होतं. त्या दिवशीही बसता आलं असतं. काही करायचं नव्हतं, फक्त बाहेर बसायचं होतं.
घरी आलो. दोन खुर्च्या तशाच आहेत. दाखला टेबलावर ठेवला आहे. सगळे रकाने भरलेत, अक्षर ओळखीचं. एकोणीस वर्षं मागे लागलो होतो, एकदा माझी बोट मोज म्हणून. मोजली. बोटीत काही दोष निघाला नाही.